हैदराबादेत गोळी न खाल्लेला माणूस

हैदराबादहून परत आले. चारमिनार बघितला नाही. किल्ला नाही, म्युझियम नाही, मोती नाहीत, बांगड्या नाहीत. पुण्यात पाऊल ठेवल्यापासून सगळे एकच विचारतायत, "मग केलंस काय तिथे?" तर मी तिथे एक माणूस शोधत होते. गेल्या महिन्याभरात ज्याने ॲसिडिटीची एकही गोळी खाल्लेली नाही असा धडधाकट माणूस. बास. लग्नाच्या स्थळाला लोक यापेक्षा जास्त अटी घालतात. तरी मिळेना.

आधी कामाचं सांगून टाकते, मग खायचं. मी पुण्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. आपल्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतू दिसला की त्याच्या मागे धावतात, गिळतात आणि आतल्या आत त्याचा फडशा पाडतात. एकदम डॅशिंग मंडळी. आता ज्याच्या पोटातल्या अल्सरमधून रक्त वाहतंय, त्याला दवाखान्यात आम्ल कमी करणारं औषध शिरेतून देतात. भरपूर देतात आणि द्यायलाच लागतं, कारण आम्लात रक्ताची गुठळी टिकत नाही. ते औषध पोटातले आम्लाचे पंप बंद करतं. पण बारीक पंप तर न्यूट्रोफिलमध्येही असतात! मग रक्तातून जाताजाता औषध त्यांनाही गाठतं का? त्या सुस्तावतात का, कमी गिळतात का? हा आमचा प्रश्न. रुग्णाचं रक्त सलाइनच्या आधी घ्यायचं, नंतर घ्यायचं, आणि ताडून बघायला गोळी न खाल्लेल्या निरोगी माणसांचंही घ्यायचं.

रुग्ण हैदराबादच्या दवाखान्यात होते. आणि न्यूट्रोफिल कुरियरने येत नाहीत, रक्त काढल्यावर काही तासांत मरायला लागतात. त्यामुळे रक्त पुण्याला येणार नाही, केतकी हैदराबादला जाईल, असं सरांनी ठरवलं. सर म्हणजे माझे गाइड. ते समोर बसून बोलत नाहीत, व्हॉइस नोट पाठवतात. निघताना आलेली नोट अशी होती, "शनिवारपर्यंत चांगले नमुने आले तर प्रोजेक्ट पुढे सरकेल. नाही आले तर बंद." प्रोजेक्ट बंद म्हणजे मीही बंद. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण पाचव्यांदा ऐकल्यावर मला ऐकू आलं.

सिकंदराबाद

सकाळी गाडीतून उतरले तेव्हा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात थर्माकोलचा डबा. डब्यात बर्फ आणि बर्फात पेशी रंगवायचा रंग. स्टेशनबाहेर एक रिक्षावाले भाऊ इराणी चहा पीत होते. बिस्कीट चहात बुडवून ते पडायच्या आत तोंडात टाकायचं, हे कसब त्यांच्याकडे असं होतं की मी आधी तेच बघत बसले. माझं बिस्कीट अर्थातच पडलं.

"डब्बे में क्या है अम्मा? मच्छी?"

"नाही, वो... पेट की दवा का काम है." माझं हिंदी हे असं.

"गॅस की गोली?" त्यांनी लगेच शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि एक माझ्यापुढे धरली. "लेव ना. सुब्बे सुब्बे खाली पेट में एक डाल लिए तो दिन भर टेन्शन नै."

मी नको म्हणाले. त्यांना वाईट वाटलं. पुण्यात रिक्षावाल्याने मला आजवर सुट्टे पैसेही दिलेले नाहीत, आणि हा माणूस पहिल्या भेटीत औषध देत होता! मी मनात म्हटलं, वा, काय दिलदार शहर आहे. तेव्हा मला कुठे माहीत होतं की हे दिलदार शहरच माझा घात करणार आहे.

चिक्कडपल्ली

चिक्कडपल्लीत माझी शैलामावशी राहते. मावशी मूळची पुण्याची, काका पिढ्यान् पिढ्यांचे हैदराबादी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत. त्यांच्या मराठीत इतकं उर्दू आहे की साधं "ये, बस" म्हणाले तरी आपल्याला कुणी दरबारात बोलावलंय असं वाटतं. परीक्षेच्या पेपरला ते परचा म्हणतात, निकालाला नतीजा आणि मावशीला बेगम, पण ते फक्त ती रागावल्यावर.

नाश्त्याला खिचडी! आमच्याकडे सकाळी खिचडी दिसली की शेजारचे विचारतात, घरात कोण आजारी आहे? इथे हा राजेशाही नाश्ता. मसुराची खिचडी, सोबत तीळ आणि चिंचेचा पातळसर खट्टा, पापड, आणि एक लोणचं ज्याचा नुसता वास घेऊन माझे कान गरम झाले. आणि टेबलाच्या मधोमध, मीठ आणि लोणचं यांच्या मध्ये, स्टीलची एक वाटी. वाटीत गोळ्या. आपण जेवणानंतर बडीशेप ठेवतो ना, तशा. फक्त जेवणाआधी.

"घे गं एक," मावशी म्हणाली.

"मला काही होत नाहीये मावशी."

"होऊ नये म्हणूनच तर! लाइट घे, एवढा विचार नको करूस. आमचे जावईबापू बी घेतात."

आता जावईबापू घेतात म्हटल्यावर पाहुण्या भाचीची काय बिशाद. घेतली. पाण्याबरोबर गिळली. चार घास खिचडी खाऊन झाली आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली की निरोगी माणसांच्या यादीत पहिलं नाव मी माझं धरलं होतं. म्हणजे शहरात येऊन तासही झाला नव्हता आणि मी माझ्याच अभ्यासातून बाद!

काका ओरडले नाहीत, हसले. "शाबास. इम्तिहानाच्या आधीच नापास."

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. न्यूट्रोफिल, पंप, सुस्ती. अभिनयासकट. पापड हा जंतू आणि माझा हात ही पेशी. आधी पेशी कशी झडप घालते ते दाखवलं, मग गोळी खाल्लेली पेशी दाखवली. मान टाकलेली, डोळे मिटलेले, पापड समोरून चाललाय तरी ढिम्म. काका टाळ्या वाजवत होते. पुढे रोज सकाळी ते म्हणायचे, "केतकी, ती आळशी पेशी कर," आणि मी करायचे. प्रेक्षक मिळाला की मला राहवत नाही.

दवाखाना

दवाखान्यात आमचं काम सुजाता मॅडम बघतात. पोटाच्या डॉक्टर, तेलुगू, बोलणं कमी, आणि चालणं इतकं जलद की मी सगळ्या सूचना पळत पळत ऐकल्या. रुग्णांची तऱ्हा अशी की माणूस रक्ताची उलटी करत येतो, पण येईपर्यंत घर, शेजार आणि गल्ली मिळून त्याला मूठभर गोळ्या चारतात. म्हणजे आमचं 'सलाइनच्या आधीचं' रक्त आधीचं राहतच नाही. ठीक आहे, म्हटलं निदान निरोगी माणसं तरी मिळवू. दवाखाना भरलाय माणसांनी. गेटवरच्या सिक्युरिटीच्या दादांपासून सुरुवात केली.

"कोई दवा लेते आप?"

"नै मॅडम. ऊपरवाले की दुआ से कुछ बी नै."

"गॅस की गोली?"

"हौ, वो तो लेते."

"कब कब?"

"रोज. पर वो दवा थोडी है मॅडम. वो तो गोली है."

हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांकडून ऐकलं की शेवटी शेवटी त्यांच्याबरोबर मीच पूर्ण करायला लागले. रिसेप्शनच्या ताई, लिफ्टवाले, कॅन्टीनचे मालक, रुग्णाला भेटायला आलेला अख्खा मोहल्ला, सगळे ठणठणीत, सगळे बिनऔषधाचे, सगळे रोज गोळी घेणारे. मग मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. शिकलेली माणसं, म्हटलं. प्रश्न विचारल्यावर सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले. सुजाता मॅडमनी आपलं ड्रॉवर हळूच गुडघ्याने बंद केलं.

त्यात दुपारी एक व्याख्यान होतं. विषय, 'विनाकारण ॲसिडिटीच्या गोळ्या टाळा'. खर्च एका गोळ्यांच्या कंपनीचा. वक्ते फार छान बोलले, मी वहीत भराभर लिहून घेतलं. मग जेवण. बिर्याणी, मिरची का सालन, वर तेलाचा असा तवंग की त्यात तोंड बघून केस नीट करता यावेत, शेवटी डबल का मीठा. ब्रेडला एवढं तूप आणि साखर पाजून त्याला मोक्ष देण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला माझा साष्टांग. आणि जाताना प्रत्येकाला भेट म्हणून एक कापडी पिशवी. आत पेन, डायरी आणि गोळ्यांचं पाकीट. वक्त्यांनीही घेतली. त्यांनी दोन घेतल्या.

आणि पुणेकरांनो, हसू नका. परत आल्यावर मी माझ्या घरातलं कपाट उघडून बघितलं. आपल्याकडेही तेच आहे, फक्त आपण वाटीत ठेवत नाही आणि पाहुण्यांना विचारत नाही.

दिलसुखनगर

सरांची व्हॉइस नोट आली. "तरुण मुलं बघ. तरुणांची पचनशक्ती चांगली असते." सर बहुतेक बऱ्याच दिवसांत तरुणांना भेटलेले नाहीत.

तरुण मुलं हवीत तर दिलसुखनगर. तिथे क्लासच्या पाट्या एकीवर एक अशा चढल्यात की खालच्या इमारतीचा रंग कुठला हे इमारतीच्या मालकालाही सांगता येणार नाही. प्रत्येक पाटीवर पहिले आलेल्या मुलांचे फोटो, त्यांच्याखाली साड्यांची दुकानं, त्यांच्याखाली मिरची भज्यांच्या गाड्या. एका गाडीपाशी क्लासच्या मुलींचा घोळका होता. मीही एक प्लेट घेतली. मिरची चिरून आत चिंच-तिळाचं काहीतरी भरतात, बेसनात बुडवून तळतात आणि वर कच्चा कांदा. पहिला घास स्वर्ग. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि बहुतेक कानांतूनही पाणी यायला लागलं.

त्यांच्यातली एक, स्रवंती, हसत हसत पाण्याची बाटली देत म्हणाली, "अय्यो अक्का! पहले गोली नै लिए क्या?"

"तू लेती है?"

"हॉस्टेल में सब लेते. दाल के पहले एक, टेस्ट के पहले एक."

"टेस्ट के पहले कायकू?" दोन दिवसांत माझ्याही तोंडी कायकू बसलं होतं.

"टेन्शन में पेट जलता ना. फिजिक्स रहा तो दो."

मी अख्ख्या घोळक्याला विचारलं. एकीनेही नाही म्हटलं नाही. मागून एक आवाज आला, "मेरी मम्मी घर से पार्सल में भेजती, लड्डू के साथ." पोट असं पेटलं होतं की नाइलाजाने समोरच्या मेडिकलमध्ये गेले. मी तोंड उघडायच्या आत दुकानदाराने माझ्या चेहऱ्याकडे बघून गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं. मी म्हटलं, ताक मिळेल का? त्याने अशा नजरेने बघितलं, जणू मी त्याच्याकडे बैलगाडी मागितली होती.

पुन्हा चिक्कडपल्ली

घरी येऊन मी सोफ्यावर आडवी झाले आणि जाहीर केलं की हे शहर, हा प्रोजेक्ट आणि माझं करिअर, तिन्ही संपलंय.

काका पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "आम्ही आहोत की."

"तुम्ही काय काका?"

"आम्ही कधी त्या वाटीला हात लावताना पाहिलंस? तौबा! आयुष्यात एक गॅसची गोळी खाल्ली असेल तर शपथ. विचार तुझ्या मावशीला."

"खरंय गं," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुकापेक्षा तक्रार जास्त होती. "किती वेळा म्हणते घ्या म्हणून. ऐकतात कुठं? भारी घमेंड आहे त्यांना त्याची."

मी उडीच मारली! जिच्यासाठी गेट ते दिलसुखनगर वणवण केली ती व्यक्ती रोज माझ्यासमोर खिचडी खात होती! सरांना मेसेज केला. सरांनी चक्क टाइप करून उत्तर दिलं, "एक्सलंट. उद्या आण."

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार. जणू सत्काराला निघालेत. जिना उतरताना ते मध्येच थांबले आणि खालच्या मजल्यावरच्यांची नावाची पाटी वाचायला लागले. ती पाटी तिथे मावशीच्या लग्नाच्या आधीपासून आहे. दवाखान्याच्या पायऱ्यांवर पुन्हा थांबले, या वेळी झाड बघायला. कपाळावर घाम. मी आपली बडबडत होते, काका तुम्हाला कल्पना नाही तुमचं रक्त किती मोलाचं आहे.

सुजाता मॅडम बोलत कमी, बघत जास्त. त्यांनी काकांची खालची पापणी बोटाने ओढली. आत लाल असतं ना आपल्या, तिथे कागद ठेवल्यासारखं पांढरं.

"अंकल, कोई दवा?"

"जी नहीं. अल्लाह मियाँ का, भगवान का, सबका करम है."

"गॅस की गोली?"

"हरगिज नहीं." माझ्याकडे बघून मिस्कील हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "घुटने की?"

काकांनी गुडघा चोळला. "वो... घुटने की तो लेते हैं. मेडिकलवाला देता है. सुबह-शाम. पर उसका पेट से क्या ताल्लुक? वो तो घुटने की है."

गुडघेदुखीच्या गोळ्या रोज घेतल्या की पोटाचं अस्तर सोलून निघतं, अल्सर होतो, हे मला पाठ होतं. पाठच होतं फक्त. मॅडमनी पुढचा प्रश्न तेलुगूत, हळू आवाजात विचारला, तरी मला कळला. शौचाचा रंग. काका माझ्यासमोर संकोचले. मी भिंतीकडे तोंड केलं.

"काळा. डांबरासारखा," ते शेवटी म्हणाले. "आठवडाभर झाला असेल. आम्हाला वाटलं बगारा बैंगनातल्या वांग्यांचा रंग आहे."

"अंकल, बैठिए. अब उठना नहीं," मॅडम म्हणाल्या आणि तशाच वळून त्यांनी स्ट्रेचर मागवलं.

वॉर्डात

सगळ्या शहरात एकच माणूस बिनगोळीचा निघाला आणि त्याच्याच पोटात अल्सरमधून रक्त वाहत होतं. मावशीला फोन केला. सरांना मेसेज केला. सरांची नोट लगेच आली, उत्साह मावत नव्हता. "केतकी, हा तर निरोगीपेक्षा भारी नमुना! कधीही आम्लाचं औषध न घेतलेला ब्लीडिंग रुग्ण! सलाइनच्या आधीचं रक्त चुकवू नकोस!" मी फोन पालथा ठेवला. एरवी मी हे वाक्य ऐकून नाचले असते.

आणि मग खरी पंचाईत झाली. नर्स सलाइन घेऊन आल्या आणि काकांनी हात मागे घेतला.

"हे तेच ना? आम्ल मारायचं?"

"हो काका. आधी हे लावायचं, मग दुर्बीण घालून आत बघतील, रक्त वाहतंय तिथे क्लिप लावतील."

"दुर्बीण घाला, क्लिप लावा. हे नको." त्यांचा आवाज बारीक झाला होता पण वर्गातला ठामपणा तसाच. "पेशी आळशी होतात यानं. तूच दाखवलंस ना, मान टाकते ती? या वयात जंतूंशी आमच्यासाठी कोण लढणार? आयुष्यभर घेतली नाही, आता मरताना घ्यायची?"

नर्सने माझ्याकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. शेजारच्या बेडवरच्या आजोबांनीही बघितलं. मला त्या क्षणी जंतू व्हावंसं वाटलं, कुणीतरी गिळलं असतं.

"काका, पेशी आळशी होतात की नाही ते आम्हाला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच शोधतोय. अजून कळलेलं नाही."

"मग रोज सकाळी खिचडीवर काय सांगत होतीस?"

"प्रश्न सांगत होते काका. उत्तर नाही."

मला अख्ख्या वर्गासमोर फळ्यापाशी उभं केल्यासारखं वाटत होतं. मग काका म्हणाले, "प्रश्न इतक्या जोरात सांगायचा नसतो, बेटा. लोकांना उत्तर वाटतं."

"हो काका. पण हे नक्की माहीत आहे की आम्ल राहिलं तर गुठळी टिकत नाही आणि रक्त वाहत राहतं. ते आधी. पेशींचं नंतर बघू. आणि बिनकामाची गोळी वेगळी आणि हे वेगळं. तुम्हाला याचं काम आहे." मी हातच जोडले. "प्लीज ना काका."

हात अजून मागेच. घमेंड ही फार चिवट चीज आहे, विशेषतः चांगल्या गोष्टीची असली की.

तेवढ्यात मावशी आली. पदर खोचलेला, डोळे लाल, पण आवाज कोरडा. मी दोन वाक्यांत सांगितलं. ती बेडच्या कडेला बसली.

"नाही घेणार?"

"बेगम, ऐकून तर घ्या..."

"मी बेगम झाले का आता? बरं. ऐका. तुम्ही नाही घेणार तर मी बी काही घेणार नाही. बीपीची नाही, साखरेची नाही. आजपासून बंद. तुमच्यासारखीच घमेंड करीन. बघू कोण आधी जातं."

"ही कसली जबरदस्ती?"

"जबरदस्तीच आहे. शिका काहीतरी." आणि मग ती रडायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

काकांनी तिच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, मग हात पुढे केला. नर्स सुई टोचणार तेवढ्यात म्हणाले, "थांबा जी. आधी हिच्या नळ्या भरा. आमच्यासारखं रक्त पुन्हा कुठे मिळायचं हिला."

मी पुढे झाले तर मॅडमनी मला खांद्याला धरून मागे केलं. नातेवाईकाचा नमुना नातेवाईकाने घ्यायचा नाही, विचारायचं नाही, तपासायचं नाही. दवाखान्याच्या लॅबमधल्या एका मुलीने काकांना त्यांच्या भाषेत सगळं समजावलं, नाही म्हटलं तरी उपचार तोच राहील हे दोनदा सांगितलं, त्यांचा होकार घेतला, सुई लावतानाच नळ्या भरल्या आणि पुढच्या मिनिटाला सलाइन चालू झालं. नळ्यांवर नाव नाही, नुसता आकडा. ज्या रक्तासाठी मी अख्खं हैदराबाद पालथं घातलं ते माझ्यासमोरून ट्रेमध्ये निघून गेलं, आणि खरं सांगू? मी ट्रेकडे बघितलंच नाही. मी सलाइनचे थेंब बघत होते.

दुर्बिणीत अल्सर दिसला, त्यातून रक्त झिरपत होतं. क्लिप लागली. रक्ताची बाटली चढवली. शनिवार गेला. माझं तिकीट गेलं. सरांना मी कळवलं की मी आता इथे नातेवाईक म्हणून आहे. त्यांची नोट आली, या वेळी लहान, "काकांची काळजी घे." आणि शेवटी थोडं थांबून, "नंतरचा नमुना त्या मुलीला आठवणीने घ्यायला सांग." माणूस आहे, पण आधी गाइड आहे.

रंग परत यायला लागला तशी काकांना भूक लागली आणि भूक लागली तसे ते तक्रार करायला लागले, म्हणजे बरे व्हायला लागले. गुडघ्याच्या गोळ्या मॅडमनी बंद केल्या. आम्लाची गोळी काही आठवडे रोज, चुकवायची नाही, असं सांगितलं. मावशीलाही बजावलं की तुमची रोजची गॅसची गोळी खरंच लागते का ते एकदा येऊन दाखवा. मी पुण्याला निघायच्या दिवशी भेटायला गेले तेव्हा काका उशीला टेकून पातळ ताक पीत होते, मावशी शेजारी बसली होती.

"नतीजा काय लागला? आमच्या पेशी कशा वागल्या?"

"माहीत नाही काका. नळीवर नाव नाही. एवढ्या नमुन्यांत तुमचा कुठला ते मला कधीच कळणार नाही."

त्यांनी ताकाचा घोट घेतला. "बरोबर आहे. मास्तराने घरच्यांचा परचा तपासू नये." मग, माझ्याकडे न बघता, अगदी साध्या मराठीत, "पण मी पास आहे ना गं?"

राउंडला आलेल्या मॅडम दारात उभ्या होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"पास आहात काका."

"किती मार्कांनी?"

"काठावर."

"काठावर? मी?" ते ताडकन उठून बसले. हातातलं ताक चादरीवर सांडलं.

"झोपा गपचूप," मावशी म्हणाली आणि चादर पुसायला लागली. "तेवढे मिळाले ते बी माझ्यामुळे."